दक्षिणेकडे तोंड

लोणावळ्याला आलो तेव्हा माझ्या छातीत झालेलं पाणी ओसरलं होतं, पण डॉक्टरांनी मुंबईची हवा कायमची बंद केली होती. मुंबईत मी एका बांधकाम कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढत असे. तिथल्या मुख्य ड्राफ्ट्समननं भलेपणानं एक सोय करून दिली. ट्रेसिंगचं, म्हणजे नकाशावर पारदर्शक कापड टाकून रेघा उतरवायचं काम मला गाडीनं पाठवायचं आणि मी ते घरी बसून पुरं करून परत धाडायचं. शिवाय लोणावळ्यात बंगले बांधून घेणारे लोक होतेच. काम कमी पडणार नव्हतं. कमी पडली ती माझी बैठक.

आम्ही एका लाकडाच्या वखारीला लागून असलेलं घर भाड्यानं घेतलं. वखारवाले मुसलमान. त्यांच्या कैक पिढ्या मावळातच गेलेल्या. सगळा रस्ता त्यांना चाचा म्हणायचा, आम्हीही म्हणू लागलो. समोरच्या खोलीत माझं काम, मधे माजघर, त्यामागं स्वयंपाकघर. माझ्या खोलीला उत्तरेच्या भिंतीत एक मोठी खिडकी होती आणि तिच्यासमोर, दक्षिणेच्या भिंतीत, माजघरात जाणारं दार. नकाशा काढणाऱ्याला उत्तरेचा उजेड म्हणजे देणगीच. तो दिवसभर एकसारखा राहतो, कागदावर ऊन येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी चाचांच्या माणसांकडून ते जड सागवानी टेबल मी खिडकीशी लावून घेतलं आणि हुश्श म्हणून बसलो.

दुसऱ्या दिवसापासून मला बसवेना.

ऑफिसात आम्ही रांगेनं बसत असू. कुणी खोकायचा, कुणी गुणगुणायचा, साहेबांच्या बुटांचा आवाज आला की सगळ्यांच्या माना खाली जायच्या. त्या गलक्यात माझा हात दगडासारखा स्थिर असायचा. इथे मात्र शांत घरात मांडी हलायला लागायची. पेन्सिलीला टोक काढायचं, ते पुरेसं बारीक झालं तरी आणखी काढायचं. पाणी प्यायला उठायचं. खिडकीतून रस्त्यावरचा टांगा दिसेनासा होईपर्यंत बघायचं. पुन्हा बसलं की पाठीमागून कुणी येतंय असं वाटायचं. मागं वळून पाहावं तर दार रिकामं. एकदा तर एका बंगल्याच्या जिन्याच्या पायऱ्या रेखताना असाच दचकलो आणि शाईची रेघ पायऱ्या सोडून थेट दिवाणखान्यात गेली.

पावसाळ्यात तर कहर झाला. लोणावळ्याचं धुकं दार ठोठावत नाही, सरळ आत येतं. ट्रेसिंगचं कापड ओलाव्यानं सैल पडायचं, शाई पसरायची. बायको शेगडी पेटवून खोलीत आणून ठेवायची. मी म्हणायचो, "धूर होतोय." ती उचलून न्यायची. मग मी म्हणायचो, "कापड ओलं होतंय." ती परत आणायची.

श्रावणात तळेगावहून सासरे आले. ते तळेगाव दाभाड्याच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. पंचांग, मुहूर्त, वास्तू यांत त्यांचा अधिकार मोठा. गावात कुणी विहीर खणायची म्हटली तरी आधी त्यांना विचारत. माझी तगमग त्यांनी दोन दिवस पाहिली. तिसऱ्या दिवशी चहा झाल्यावर म्हणाले,

"जावईबापू, राग मानू नका. पण तुमचं आसन चुकलंय."

"म्हणजे कसं मामा?"

"विद्येचं काम करणाऱ्यानं पूर्वेकडे तोंड करून बसावं. सूर्य तिकडून येतो, बुद्धी तिकडूनच येते. तुम्ही बसलाय उत्तरेला. पैसा येईल, पण चित्त राहणार नाही."

पैसाही काही फार येत नव्हता, पण मी ते बोललो नाही. खरं सांगायचं तर चित्त राहत नव्हतं हे त्यांनी अचूक ओळखलं होतं, आणि माझी तर कशालाही हो म्हणायची तयारी होती. चाचांची माणसं आली. टेबल पूर्वेच्या भिंतीला लागलं. उजेड डाव्या हातानं यायला लागला, तोही बरा. सासरे टेबलावर अक्षता टाकून समाधानानं तळेगावला गेले.

काही दिवस खरंच बरे गेले. मग ती भिंत जवळ यायला लागली. तिला खिडकी नव्हती, पलीकडे वखार होती. तोंडासमोर हातभरावर नुसता चुना. डोळे वर केले की चुना, खाली केले की नकाशा. वखारीत करवत चालू झाली की भिंत थरथरायची आणि तिच्याबरोबर मी. मग मी टेबल खोलीच्या मधोमध घेतलं. तिथून पश्चिमेला. तिथे उजेड उजव्या हाताला आला आणि माझ्याच हाताची सावली रेघेवर पडू लागली, म्हणून परत मधे घेतलं.

चाचा शेवटी कंटाळले. कमरेवर हात ठेवून दारात उभे राहिले.

"सायेब, टेबल हाय का पाळणा? आमी लय घरं सजवली, पर असं रोज फिरतं टेबल कुटं बघितलं न्हाई."

"चाचा, आता शेवटचं."

"व्हय, मागच्या येळंला बी शेवटचंच हुतं," असं म्हणत त्यांनी स्वतःच एक बाजू उचलली.

टेबल हललं की माझ्या बायकोचा दिवस बिघडायचा. ते माझ्या लक्षात यायचं, पण त्याचा अर्थ मी माझ्या परीनं लावला होता. मला वाटायचं, तिला वैताग येतो. झाडलोट पुन्हा करावी लागते म्हणून, किंवा माझ्यासाठी मुंबई सोडून या पावसाळी गावात यावं लागलं म्हणून. ती खोलीत यायची, चहाची कपबशी ठेवताना आधी टेबलाची कड हातानं चाचपायची, ठेवायची आणि हळू निघून जायची.

दिवाळीनंतर बंगल्यांची दारं उघडली. मुंबईची मंडळी येऊ लागली आणि त्यांच्यामागून फेरीवाले. त्यांत एक चिनी होता. सायकलच्या मागं भलंमोठं गाठोडं, डोक्यावर हॅट, हातात कापड मोजायचा लोखंडी गज. रेशमी कापड आणि लेसचे रुमाल विकायचा. आमच्याकडून काही खपणार नाही हे त्याला ठाऊक होतं, पण वखारीच्या सावलीत सायकल टेकवून तो पाणी मागायचा आणि बायको त्याला चहा द्यायची. त्या दिवशी तो चहा घेत माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला. टेबल त्या आठवड्यात पुन्हा खिडकीशी गेलं होतं. मी काम करत होतो, म्हणजे पाय हलवत होतो.

"बाबू," तो म्हणाला, "तुम डरता है."

मी वळलो. "किससे डरता है?"

"मालूम नहीं. हम आया, तुम डरा. बीबी आया, तुम डरा. पीठ दरवाजा को. ये अच्छा नहीं."

मग त्यानं मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत सांगितलं की त्यांच्या मुलुखात घर कसं असावं हे बघणारे लोक असतात. त्याचा काका तेच काम करायचा. होकायंत्र घेऊन डोंगर बघायचा, नदी बघायचा, मग दार कुठे आणि बिछाना कुठे ते सांगायचा. त्या विद्येला काय म्हणतात असं मी विचारलं. त्यानं आपल्या भाषेतला शब्द उच्चारला आणि बोटानं आधी आभाळ, मग हातातला पेला दाखवला. "हवा. पानी."

मला हसू आलं. हवापाण्यासाठीच तर मला डॉक्टरांनी इथे धाडलं होतं.

तो उठून खोलीत आला. वायव्येच्या कोपऱ्याकडे गेला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि दोन्ही हात पुढे पसरले. "पीछे पहाड़," असं म्हणून त्यानं भिंतीवर थाप मारली. "आगे खुला. दरवाजा देखो, कौन आता, कौन जाता. फिर डर नहीं." काकाला विचारलं असतं तर त्यानं होकायंत्र लावून आणखी पुष्कळ सांगितलं असतं, पण आपल्याला एवढंच येतं, असंही तो म्हणाला. काका आता नव्हता. त्याच्या देशात जपान्यांशी लढाई पेटली होती आणि घरून काही कळत नव्हतं. हे त्यानं कापडाचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि पेला विसळून उंबऱ्यावर पालथा ठेवला.

मी माझं होकायंत्र काढून पाहिलं. त्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसलं तर तोंड थेट दक्षिणेला येत होतं.

"बाबा काय म्हणतील?" बायको म्हणाली.

"बाबा तळेगावला आहेत," मी म्हणालो.

असं टेबल त्या कोपऱ्यात गेलं. खिडकी आता डाव्या खांद्यामागं राहिली, पण उजेड पुरेसा होता. आणि पाठीमागं भिंत आल्यावर दचकणं खरंच थांबलं. मांडी थांबली नाही. ती हलतच राहिली, पण आता मी सारखा उठत नव्हतो. वर पाहिलं की खोली, दार, माजघर आणि स्वयंपाकघराची अर्धी चूल सरळ रेषेत दिसायची. इतके महिने मी त्या घराकडे पाठ करून किंवा कानाडोळा करून बसलो होतो. आता काम करता करता घर चालताना दिसायला लागलं.

काही दिवसांतच एक दुपार आली. माजघरात बायको पाटावर बसून भाजी निवडत होती. तिच्या डाव्या बाजूला दुधाचं भांडं होतं, झाकण थोडं सरकलेलं. मागच्या दारानं मांजर आलं. तिच्या डाव्या गुडघ्याला लागून उभं राहिलं, झाकण आणखी सरकवलं आणि दूध प्यायला लागलं. ती निवांत भाजी निवडत होती. मला वाटलं, पिऊ देतेय बिचाऱ्याला. तेवढ्यात मांजराची शेपटी तिच्या हाताला लागली आणि ती किंचाळून उठली.

मी पेन खाली ठेवलं.

त्यानंतर दोन-तीन दिवस मी काम सोडून तिच्याकडेच बघत राहिलो. दारातून जाताना ती बोटांनी चौकट शिवायची. मला ती सवय वाटत आली होती. कोनाड्यातला डबा घेताना मान पक्ष्यासारखी पूर्ण वळवायची. माझी खुर्ची मी जरा सरकवून ठेवली असेल तर ती थेट त्या खुर्चीवर आपटायची.

मी उठलो. पायांचा आवाज न करता माजघरात गेलो आणि तिच्या डाव्या बाजूला, हात लागेल इतक्या अंतरावर उभा राहिलो. ती तांदूळ पाखडत होती. सूप खालीवर होत होतं. तिला मी दिसलो नाही.

"अगं," मी म्हणालो.

सूप हातातून पडलं. तांदूळ सगळीकडे उडाले.

"असं काय करता! कधी आलात?"

"बराच वेळ झाला. कधीपासून दिसत नाही तुला?"

"काय दिसत नाही? तांदूळ निवडतेय की मी. हे बघा, हा खडा." तिनं सुपात उरलेला एक बारीक खडा उचलून मला दाखवला. तो मला दिसलाही नसता.

"समोरचं नव्हे. बाजूचं."

ती खाली बसली आणि जमिनीवरचे तांदूळ गोळा करायला लागली. मीही बसलो. मूठभर तांदूळ सुपात टाकून म्हणाली, "मुंबईपासून. आधी कडेला काळं काळं यायचं. दिव्याभोवती रंगीत कडं दिसायचं. मग कडेचं गेलं. आता नळीतून बघावं तसं दिसतं. डाव्यानं तर तेवढंही नाही."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्हाला पाठीवर निजता येत नव्हतं तेव्हा. डॉक्टर तुमच्या छातीतलं पाणी सुईनं काढत होते. म्हटलं, हे बरे होऊ देत."

"बरा झालो ना मी! इथे आल्याला किती महिने झाले!"

"कुठे बरे झालात?" ती पहिल्यांदाच चिडून बोलली. "घटकाभर एका जागी बसता का तुम्ही? टेबल हलवलं की दोन दिवस शांत व्हायचात. म्हणून मी काही म्हणायची नाही. तुम्ही टेबल हलवलंत की त्या दुपारी, तुम्ही स्टेशनवर गेल्यावर, मी खोलीत फिरून यायची. इथे कोपरा, इथे खुर्चीचा पाय. मनात नकाशा काढायची. तो पाठ व्हायचा आणि तुम्ही पुन्हा चाचांना हाक मारायचात."

तिनं लुगडं गुडघ्याच्या वर जरासं सरकवलं. मांडीवर टेबलाच्या कोपऱ्याएवढे डाग होते, काही पिवळे, काही जांभळे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही पुण्याला गेलो. गाडीत मी तिला खिडकीशी बसवलं. मळवली गेलं, कामशेत गेलं, ती सरळ समोर बघत होती. मी उगाच एकेक गोष्ट दाखवत होतो. हा डोंगर, ती नदी, ते बैल. ती म्हणाली, "अहो, गप्प बसा हो जरा. मी घाबरलेय."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत तिला पुष्कळ वेळ तपासलं. मग मला बाहेर बोलावून सांगितलं की हा काचबिंदू आहे. डावा डोळा गेला, तो आता यायचा नाही. उजव्यात जे उरलंय ते शस्त्रक्रिया करून राखता आलं तर बघू, मिळवता काही येणार नाही. आणखी थोडं थांबला असतात तर तेही गेलं असतं.

शस्त्रक्रिया त्याच आठवड्यात झाली. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून तिला उताणं ठेवलं होतं, मान हलवायची मनाई. मी बाहेरच्या व्हरांड्यात येरझारा घालत असे. इतका की तिथल्या नर्सबाई रागावल्या, "तुमच्या चपलांचा आवाज पेशंटला होतो." मी चपला काढून अनवाणी येरझारा घातल्या. संध्याकाळी आत गेलो तर ती पट्टीआडून म्हणाली, "चपला का काढल्यात? आवाज येत होता तेव्हा बरं होतं. तुम्ही आहात हे कळत होतं."

तळेगावहून सासरे आले. मुलीची अवस्था बघून ते भिंतीशी टेकले. पण लोणावळ्याला आम्हाला पोचवायला आले आणि माझं टेबल कोपऱ्यात पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा फिरला.

"दक्षिणेकडे तोंड?" ते म्हणाले. "जावईबापू, ती यमाची दिशा. आपण जेवायलासुद्धा तिकडे तोंड करून बसत नाही. घरधन्यानं दक्षिणेला आसन मांडलं आणि घरच्या लक्ष्मीचे डोळे गेले. हे मी काय सांगावं तुम्हाला!"

माझा तोल सुटत होता. त्या टेबलाच्या पायी मी किती शिव्या स्वतःला घातल्या होत्या त्या मलाच ठाऊक. मी काही बोलणार तोच खाटेवरून बायको म्हणाली,

"बाबा, डोळे मुंबईपासून जाताहेत. पूर्वेकडे तोंड होतं तेव्हाही जात होते. यांनी पूर्वेकडे तोंड केलं होतं ना, तेव्हा यांना भिंत दिसायची. दक्षिणेकडे केलं तेव्हा मी दिसले."

सासरे उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत होते. मग उठून माझ्याजवळ आले, "तिला थेंब कोण घालणार? माझा हात कापतो," असं म्हणाले आणि बाटली माझ्या हातात दिली. दिशेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मात्र पुढे कधी आले की माझ्या खुर्चीत ते बसत नसत. दारातली स्टुलाची जागा पत्करत.

चाचांना कळलं तेव्हा ते कानस आणि रंधा घेऊन आले. काही न विचारता टेबलाचे चारही कोपरे त्यांनी गोल केले, खुर्च्यांचे केले, खाटेच्या पायांचेही केले. भुसा झटकत म्हणाले, "वैनी, आता बिनघोर फिरा. पर ह्या सायबास्नी सांगा, टेबलाला पुन्यांदा हात लावला तर वखारीत बांधून ठीवीन."

तो चिनी फेरीवाला उन्हाळ्यात एकदा आला. बारीक झाला होता. माझ्याकडच्या वर्तमानपत्रात चीनची बातमी आहे का ते विचारलं. मी वाचून सांगितलं. त्याच्या गावाचं नाव त्यात नव्हतं. त्यानं तेच पान मागून घेतलं, वाचता येत नसताना घडी करून खिशात ठेवलं. मी त्याला टेबल दाखवलं, बायकोचं सांगितलं. त्याला ते नीट कळलं की नाही देव जाणे. त्यानं तिच्याकडे बघितलं, गाठोडं सोडलं आणि पांढऱ्या रेशमाचा एक छोटा रुमाल काढून तिच्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत. तो बसलाही नाही. चहा उभ्यानंच घेतला, आणि सायकल हातात धरून खंडाळ्याच्या रस्त्याला लागला. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही.

माझी चुळबुळ गेली असं मी सांगणार नाही. दक्षिणेकडे तोंड करून मी पुढे कितीतरी बंगले कागदावर उभे केले, आणि प्रत्येकाच्या वेळी टेबलाखाली मांडी हलत होती. थंडीत संध्याकाळी आम्ही तलावाच्या बांधापर्यंत चालत जायचो. ती माझ्या उजव्या हाताला, म्हणजे तिची अंधारी बाजू माझ्याकडे. चालताना माझी तगमग जरा कमी व्हायची. तिची भीती मात्र चालतानाच वाढायची. दोघांचा मेळ बसेपर्यंत काही महिने गेले. उजव्या डोळ्यातलं जेवढं वाचलं तेवढं राहिलं.

काही वर्षांनी सासऱ्यांच्या प्रकृतीमुळे आम्ही तळेगावला बिऱ्हाड हलवलं, त्यांच्या शेजारच्याच एका नव्या घरात. बैलगाड्या सामानानं भरून दाराशी उभ्या राहिल्या. सासरे काठी टेकत आले. कुठे काय असावं याचा त्यांच्या मनात पक्का आराखडा होता, तसा माझ्याही होता, मी तो मोजमापांसह काढूनही ठेवला होता. बायको म्हणाली, "कुणी आत येऊ नका. मी आधी जाऊन येते."

आम्ही सगळे बाहेर उभे राहिलो. रिकाम्या घरात तिच्या जोडव्यांचा आवाज या खोलीतून त्या खोलीत जात होता. मधेच थांबायचा, भिंतीवर तळहात घासल्यासारखं काही ऐकू यायचं, पुन्हा सुरू व्हायचा. गाडीवानानं बैलांना पेंढा टाकला. सासरे दोनदा "अगं, झालं का?" म्हणाले. बऱ्याच वेळानं ती दारात आली. पदराला चुना लागला होता.

"चूल मागच्या खिडकीखाली," ती म्हणाली. "खाट आतल्या भिंतीला, आडवी. बाबा, तुमची आरामखुर्ची इथे दाराशी, मला येता-जाता हात लागेल अशी. बाकीचं सांगते एकेक. घ्या आता सामान आत."